माझी नायिका १८९७ च्या पुण्यात उतरली आणि पहिल्याच प्रश्नाला अडकली – मदत हवी आहे

ओसरी:

नमस्कार मंडळी, बरेच दिवस धागा काढू की नको असं चाललं होतं, आज काढतेच. मी कुमारवयीन मुलांसाठी, म्हणजे साधारण बारा ते सोळा, एक कालप्रवासाची कादंबरी लिहितेय. नायिका रेवा, वय चौदा, आजच्या पुण्यातली. आजीचा वाडा रिडेव्हलपमेंटला गेलाय, पाडापाडीच्या आदल्या दिवशी ती परसात शेवटची चक्कर मारते आणि तिला दगडी झाकणाखाली कात्रजच्या जुन्या नळाचा उच्छ्वास सापडतो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: नानासाहेब पेशव्यांनी अठराव्या शतकाच्या मध्यावर कात्रजच्या तलावाचं पाणी शहरात आणलं ते जमिनीखालच्या दगडी नळातून, आणि त्या नळावर ठिकठिकाणी उभी तोंडं ठेवली, हवा खेळायला आणि माणूस आत उतरून गाळ काढू शकेल म्हणून. त्यांना उच्छ्वास म्हणतात. हा शब्द पहिल्यांदा ऐकला त्याच दिवशी मला माझी कादंबरी मिळाली. शहर श्वास सोडतं आणि त्या श्वासाबरोबर एक मुलगी बाहेर येते, मार्च १८९७ मध्ये, प्लेगच्या पुण्यात.

हेच साल का, तर आज चौदा वर्षांची असलेली मुलगी लॉकडाऊनमध्ये आठ-नऊ वर्षांची होती. बंद दारं, तोंडाला फडकं, शेजारच्या काकांना घेऊन गेलेली आणि परत न आलेली गाडी, हे तिने बघितलंय. तलवारी आणि दरबार तिला सिनेमातले वाटतील पण हे तिला आतून कळेल.

सत्तर पानं झालीत. आणि आता तीन महिने एकाच जागी थांबलेय. पहिल्या सकाळी रेवाला तहान लागते, ती एका हौदावर जाते, तिथली बाई विचारते, "कोणाची गं तू?" पुढचं वाक्य मला लिहिता येत नाहीये. काय सांगेल ती?

दुसरा प्रश्न, तिला कोणाला वाचवता यावं का? आणि तिसरा, तुमच्या घरात आजी-पणजीकडून प्लेगच्या गोष्टी आल्या असतील तर प्लीज सांगा, कितीही लहान असल्या तरी.

घाटमाथा:

वा! उच्छ्वासाची कल्पना एकदम आवडली. वाचतोय.

मोडीलिपीकर:

ताई, एक गोष्ट लिहिताना सुटते बऱ्याच जणांची. रेवाला मराठी येतं म्हणून तिला सगळं वाचता येईल असं नाही. केसरी वाचू शकेल, कारण छापलेलं बाळबोधीत, म्हणजे आजच्या देवनागरीत असायचं. पण हाताने लिहिलेलं बहुतेक सगळं मोडीत. चिठ्ठी, वाण्याची वही, भाड्याची पावती, दारावर डकवलेला हाताने लिहिलेला कागद. मोडीत पूर्ण ओळीची रेघ आधी मारून घेतात आणि मग त्या रेघेला अक्षरं लटकवत जातात, हात शक्यतो न उचलता. बघणाऱ्याला ती एक लांब गाठोड्यांची माळ दिसते. म्हणजे तुमची मुलगी स्वतःच्याच भाषेत अर्धी निरक्षर आहे. तिला वर्तमानपत्रातली बातमी कळेल पण तिच्याच हातात दिलेली चिठ्ठी कळणार नाही. याचा वापर करा, फुकट घालवू नका.

माझ्या स्वतःच्या घरात पणजोबांची एक पत्र्याची ट्रंक होती, आम्ही चाळीस वर्षं तिला "जुनी बिलं" म्हणत होतो. मी मोडी शिकलो आणि पहिलंच पान उलगडलं तर त्यात एका बाळाच्या बारशाचा खर्च होता, गूळ, खोबरं, सोनाराचे दीड रुपये. ते बाळ म्हणजे माझे आजोबा.

ओसरी:

मोडीलिपीकर, अंगावर काटा आला. ट्रंक मी घेणार, आधीच सांगून ठेवते :)

सह्याद्रीचा_वारा:

कल्पना छान आहे पण स्पष्ट बोलतो, राग मानू नका. मुलांना कालप्रवास हवा असतो तो थरारासाठी. महाराजांच्या काळात न्या, आग्र्याहून सुटकेत सामील करा, नाहीतर १७३९ च्या वसईच्या वेढ्यात सोडा, चिमाजी आप्पा, सुरुंग, समुद्र, काय नाहीये तिथे? प्लेग म्हणजे नुसता आजार आणि मरण. आणि "कोणाची गं तू" या प्रश्नात तुम्ही शिरलात की जातपात आली. चौदा वर्षांच्या मुलांच्या पुस्तकात ते कशाला? तिला म्हणू दे मुंबईहून आले, पाहुणी आहे. विषय संपला.

दवबिंदू_एमडी:

वारा दादा, गंमत बघा, मार्च १८९७ मध्ये पुण्यातल्या हौदावर "मी मुंबईहून आले" हे सगळ्यात वाईट उत्तर आहे :) प्लेग मुंबईहूनच आला होता. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी पहिल्यांदा ओळखला आणि मग लाखो लोक शहर सोडून पळाले. आगगाडीतून उतरणाऱ्यांना थांबवून काखा-जांघा चाचपून गाठ आहे का बघत. मुंबईहून आलेली एकटी मुलगी म्हटल्यावर हौदावरच्या बायका चार पावलं मागे सरतील आणि घागरी उचलून घेतील.

ओसरी ताई, आता दुसऱ्या प्रश्नाबद्दल, डॉक्टर म्हणून. रेवाला माहीत असतं की उंदरांवरच्या पिसवांमुळे प्लेग पसरतो. तेव्हाच्या डॉक्टरांना काय माहीत होतं? जंतू १८९४ मध्ये हाँगकाँगला येर्सिनने शोधला होता. हाफकिनने मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेजात लस बनवली आणि १० जानेवारी १८९७ ला पहिली स्वतःला टोचून घेतली. पण पिसू मधली आहे हे सिमोंडने दाखवलं ते १८९८ मध्ये कराचीत, आणि त्यानंतरही कित्येक वर्षं मोठमोठ्यांनी मानलं नाही. म्हणजे रेवाला जगात कोणालाच माहीत नसलेली गोष्ट माहीत आहे, आणि ती चौदा वर्षांची मुलगी आहे, त्यामुळे तिचं कोणी ऐकणार नाही. हे केवढं नाट्य आहे!

पण थांबा, याला दुसरी बाजू आहे. माझी आजी सातारकडची. तिच्या सासूबाई सांगायच्या, घरात उंदीर पडला की घर सोडायचं. उंदीर पडला म्हणजे मेलेला दिसला. भांडीकुंडी, जात्याची खुंटी, म्हैस, सगळं घेऊन रानात झोपड्या बांधून राहायचं. पिसू वगैरे त्यांना माहीत नव्हतं पण करायचं काय ते नेमकं माहीत होतं. त्यामुळे रेवा मोठ्या आवेशात सांगायला जाईल "उंदरांपासून लांब राहा" आणि समोरची म्हातारी म्हणेल, "ते आम्हाला ठाऊक आहे बाळ. पण जायचं कुठे? रान कोणाच्या मालकीचं आहे?" मला वाटतं ही तुमच्या कादंबरीतली चांगली जागा होऊ शकेल.

बार्देशकार:

डॉक्टरीणबाईंनी व्हिएगसांचं नाव घेतलं म्हणून मुद्दाम लॉगिन झालो. ते आमच्या गोव्यातले, बार्देशातल्या हडफड्याचे. मुंबईत धोबीतलावाला त्यांचा पुतळा आहे, रोज हजारो माणसं समोरून जातात. एखाद्या वाक्यात तरी येऊ द्या त्यांना.

घाटमाथा:

मोबाईलचं काय केलंत? माझ्या मुलाचा पहिला प्रश्न हाच असेल, बॅटरी किती टक्के होती :)

ओसरी:

एकतीस टक्के :) नेटवर्क नाही, फोटो आहेत. ती रोज रात्री एकदाच चालू करून आईचा फोटो बघते आणि बंद करते. सातव्या रात्री संपतो. तो प्रसंग लिहिताना मी रडलेय.

वारा दादा, राग अजिबात नाही. पण हे तुमच्याआधी एका प्रकाशकांनीही सांगितलं मला, "जातीचं तेवढं काढा, साहस वाढवा". मी घरी येऊन खरंच काढून बघितलं. आणि काढल्यावर लक्षात आलं की मग रेवाला पाणीच मिळत नाही. म्हणजे कोण तिला पाणी देतं आणि का देतं हे लिहिताच येत नाही. त्या काळातली पहिली तहान जातीशिवाय भागत नाही हो.

हडपसरकर:

बरेच दिवस नुसता वाचत होतो, आज लिहितो. ओसरी ताईंनी शेवटचं जे वाक्य लिहिलंय त्यासाठी.

सह्याद्रीचा_वारा, तुम्हाला थरार हवा ना. ऐका. गंज पेठेत महात्मा फुल्यांच्या घरचा हौद आहे. १८६८ मध्ये त्यांनी तो अस्पृश्यांना खुला केला. त्याआधी त्या शहरात कात्रजचं एवढं पाणी खेळत होतं, काळा हौद, सदाशिव हौद, फडके हौद, आणि काही माणसांनी मात्र लांब उभं राहून कोणीतरी वरून ओतेल याची वाट बघायची. तहान लागलेली असताना. माझ्या पणजीची आई अशी उभी राहिलेली आहे. आमच्या घरात अजूनही कोणी पाणी मागितलं की आधी पाणी, मग "कोण, कुठले". माझी आजी यावर फार कडक होती. पोस्टमन असो की भांडायला आलेला भाऊबंद, आधी तांब्या समोर.

आणि मार्च १८९७ म्हणताय तर सावित्रीबाईंना विसरू नका. जोतिराव १८९० मध्ये गेले. सावित्रीबाई छासष्ट वर्षांच्या. मुलगा यशवंत डॉक्टर, त्याच्या मदतीने हडपसरजवळ ससाणे मळ्यात दवाखाना उघडला, गावाबाहेर, मोकळ्यावर. मुंढव्याच्या महारवाड्यात एका मुलाला प्लेग झालाय कळल्यावर बाई स्वतः गेल्या आणि पोराला पाठीवर घेऊन दवाखान्यात आल्या. त्यातच त्यांना लागण झाली. १० मार्च १८९७ ला गेल्या. मुंढवा ते हडपसर आज तुम्ही रिक्षाने जाता, मध्ये नुसती आयटीवाल्यांची बिल्डिंग. मी तिथून रोज जातो. छासष्ट वर्षांची बाई, पाठीवर तापाने फणफणलेलं पोर, मार्चचं ऊन, पायाखाली ढेकळं. वसईच्या सुरुंगापेक्षा मला हा थरार मोठा वाटतो. ज्याला जसं वाटेल तसं.

सह्याद्रीचा_वारा:

हडपसरकर, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. हौद म्हटल्यावर माझ्या डोळ्यांसमोर आत्तापर्यंत फक्त फोटोतली दगडी बांधणी यायची, त्याच्याकडे बघत उभं राहिलेलं माणूस कधी आलं नव्हतं. शब्द मागे घेतो. वसईचा आग्रह मात्र सोडत नाही, पुढच्या पुस्तकात :)

पागोळी:

कोणीच केसांबद्दल बोललं नाही म्हणून मी बोलते. रेवाचे केस कसे आहेत ताई? आजची चौदा वर्षांची मुलगी, बहुतेक खांद्यापर्यंत किंवा बॉबकट. १८९७ मध्ये ब्राह्मण आळीत बॉबकट मुलगी, कपाळाला टिकली नाही, हातात बांगड्या नाहीत. तिला लोक काय समजतील? विधवा. केशवपन झालेली आणि केस परत वाढू लागलेली बालविधवा. कारण लग्न न झालेली चौदा वर्षांची मुलगी त्या आळीत दिसणंच मुश्कील. संमतिवयाचा कायदा झाला १८९१ मध्ये आणि त्याने वय दहावरून बारा केलं, त्यावरसुद्धा केवढा गदारोळ झाला होता! एक सांगते, त्याच पुण्यात १८९६ मध्ये कर्व्यांनी अनाथ बालिकाश्रम काढलेला आहे, पंडिता रमाबाईंचं शारदा सदन आहे, मुलींची शाळा हुजूरपागा तर १८८४ पासून आहे. आणि मुंबईत १८९० मध्ये नारायण मेघाजी लोखंड्यांनी न्हाव्यांना एकत्र केलं आणि विधवांचे केस कापणार नाही म्हणून त्यांनी काम नाकारलं. म्हणजे रेवाला "कोणाची गं तू" विचारणारी बाई तोंडाकडे बघून विचारणारच नाही, आधी डोक्याकडे बघेल, आणि मग प्रश्नाचा सूर बदलेल.

माझ्या आईच्या आत्याला आम्ही सगळे सोवळी आत्या म्हणायचो. लाल लुगडं, डोक्यावरून पदर. लहानपणी मी एकदा तिचा पदर ओढला होता. तिने रागावून नाही, घाईघाईने परत घेतला, दोन्ही हातांनी. तो तिचा हात मला अजून दिसतो.

ओसरी:

पागोळी, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. रेवाने दहावीच्या आधी केस कापून घेतलेत आणि ती खूश आहे त्यावर, असं मी पहिल्याच पानावर लिहिलंय! आता त्या वाक्याला सत्तर पानांनंतर उत्तर मिळणार.

निवृत्त_गार्ड:

एक रेल्वेवाल्याची भर. वेळेची कादंबरी आहे तर वेळच तपासा. तेव्हा भारतीय प्रमाण वेळ नव्हती, ती १ जानेवारी १९०६ पासून. आगगाड्या मद्रास टाइमवर चालायच्या आणि गावं आपापल्या सूर्यावर. मद्रास आणि पुणे यांच्यात पंचवीस मिनिटांच्या वर फरक पडतो. म्हणजे स्टेशनच्या घड्याळात साडेनऊ आणि शहरात नऊ-पाच. मुंबई तर इतकी हट्टी की तिथल्या म्युनिसिपालटीने मुंबई टाइम १९५५ पर्यंत सोडला नाही. तुमच्या मुलीच्या मनगटावर आजचं घड्याळ असेल तर ते स्टेशनशीही जुळणार नाही आणि गावाशीही. पोरीला वाटेल आपलं घड्याळ बिघडलं.

घाटमाथा:

काय जबरी धागा झालाय हा. एका गावात दोन वेळा!

परदेशी_पाटील:

न्यू जर्सीहून. मूळ प्रश्नाचा दुसरा भाग, वाचवता यावं का. नारळीकरांची "गंगाधरपंतांचे पानिपत" आठवते का, त्यात विश्वासरावांना गोळी लागत नाही आणि सगळा इतिहासच दुसरीकडे वळतो. लहानपणी वाचली तेव्हा कित्येक दिवस मी शाळेच्या रस्त्यावर तोच विचार करत होतो. पण तिथे गंगाधरपंत इतिहास बदलत नाहीत, बदललेल्या इतिहासात जाऊन पडतात. रेवाचं वेगळं आहे, तिला माहीत आहे १० मार्चला काय होणार. तिने जाऊन सांगितलं, "बाई, त्या पोराला उचलू नका, तुम्हाला होईल", तर?

हडपसरकर:

तर बाई म्हणतील, मग कोण उचलेल?

परदेशी_पाटील:

बरोबर. मला पुढे बोलायलाच काही राहिलं नाही.

बखरनवीस:

ओसरी ताई, कौतुक सगळ्यांनी केलंय, मी चूक दाखवतो. तुम्ही मला पाठवलेल्या प्रकरणांच्या यादीत तिसऱ्या प्रकरणात गोरे सोल्जर घरात घुसतात, देवघरापर्यंत जातात, आणि पाचव्यात सावित्रीबाई. क्रम उलटा आहे. साथरोगाचा कायदा फेब्रुवारी १८९७ चा, रँड प्लेग कमिटीवर आला, पण सोल्जरांच्या घरझडत्या सुरू झाल्या मार्चच्या मध्यावर आणि मेपर्यंत चालल्या. म्हणजे सावित्रीबाई गेल्या तेव्हा पुण्याने त्या झडत्या अजून पाहिलेल्या नव्हत्या. मार्चच्या पहिल्या आठवड्यात भीती आजाराची आहे, मग होळीच्या सुमारास भीती बुटांच्या आवाजाची होते. हा बदल मुलांना जाणवला पाहिजे.

आणि कृपा करून २२ जूनला गणेशखिंडीच्या रस्त्यावर रेवाला झाडामागे उभी करू नका. चापेकर बंधूंचा प्रसंग इतका मोठा आहे की तो आला की बाकी सगळं झाकोळतं. इतिहासातल्या प्रत्येक प्रसिद्ध क्षणी नायिका योगायोगाने हजर, हे वाचकाला पटत नाही. तिला हौदावर, स्वयंपाकघरात, झोपड्यांमध्ये राहू द्या. बातमी तिच्या कानावर येऊ द्या, जशी सगळ्यांच्या कानावर आली तशी.

सह्याद्रीचा_वारा:

निदान गोळीचा आवाज तरी ऐकू येऊ द्या :)

बखरनवीस:

राणीच्या राज्याच्या साठ वर्षांचा उत्सव होता, त्या रात्री आतषबाजी होती. शहरातल्या मुलीला कोणता आवाज कशाचा कळणारही नाही. असं केलंत तर माझी हरकत नाही.

आईची_कैरी:

माझ्या लेकीला, नववीत आहे, हा सगळा धागा वाचायला दिला. तिचं म्हणणं जसंच्या तसं लिहितेय: "एक, प्लीज तिला तिथे कोणी हँडसम क्रांतिकारक भेटवू नका. दोन, ती सगळ्यांना शिकवत सुटते अशी नको, आम्हाला आपोआप कळतं काय चूक होतं ते. तीन, परत आल्यावर ती आईला काय सांगते ते लिहा, कारण कुठल्याच पुस्तकात ते नसतं, लगेच दुसरा दिवस उजाडतो आणि संपतं. मी आले असते तर मला महिनाभर नळाचं पाणी पिताना कसंतरी झालं असतं."

मीही लेकीच्या तोंडाकडे बघत राहिले.

ओसरी:

तिला माझा नमस्कार सांगा. तिसरा मुद्दा मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलाय. तिला हस्तलिखित वाचायला पाठवीन, वाचेल का विचारा.

कसबेकर:

अवांतर: कालप्रवासच करायचा तर पानशेत घ्या की. १२ जुलै १९६१. आमच्या वडिलांनी वाड्याच्या माळवदावर बसून पाणी बघितलेलं, खाली कपाटं तरंगत होती, एका कपाटाच्या आरशात आभाळ दिसत होतं म्हणायचे. सांगणारी माणसं अजून हयात आहेत, त्यांना विचारून घ्यायला हवं लवकर.

निवृत्त_गार्ड:

कसबेकर, वेगळा धागा काढा यावर. मी त्या वेळी सहा वर्षांचा होतो. लिहीन.

मोडीलिपीकर:

परत ट्रंकेबद्दल. माझी सूचना अशी की चिठ्ठी पहिल्या प्रकरणातच रेवाच्या हाताला लागू द्या, आजीच्या सामानात, मोडीतली, तिला वाचता येत नाही, ती फोटो काढून ठेवते. मग तिकडे हडपसरच्या झोपडीत एखादी बाई तिला मोडी शिकवते, राखेवर काडीने. शेवटी परत आल्यावर ती तो फोटो...

दवबिंदू_एमडी:

पण फोन सातव्या रात्री बंद पडलाय ना?

मोडीलिपीकर:

तिकडे बंद. घरी आल्यावर चार्जर आहे की :) तेव्हा वाचेल. काय लिहिलंय ते ताई ठरवतील. मला विचाराल तर काही मोठं नको. पाण्याचा हिशोब असावा, किती घागरी, कोणाला.

ओसरी:

मंडळी, दहा दिवस गप्प होते कारण लिहीत होते. हौदावरचं पान झालं. इथे देते, कच्चं आहे.

"बाईने आधी रेवाच्या डोक्याकडे पाहिलं. मग कपाळाकडे, मग रिकाम्या मनगटांकडे. मग आवाज खाली आणून विचारलं, 'कोणाची गं तू?'

रेवाला वाटलं हा सोपा प्रश्न आहे. आईचं नाव सांगावं, बाबांचं सांगावं, सोसायटीचं सांगावं. तिने तोंड उघडलं आणि तिच्या लक्षात आलं की यातलं कोणीच अजून जन्मलेलं नाही.

'मी... मुंबईहून,' ती म्हणाली.

घागर दगडावर आपटल्याचा आवाज झाला. बाया मागे सरल्या. एकीने पदर नाकाला लावला. कोणीतरी म्हणालं, 'हिला हात लावू देऊ नका पाण्याला,' आणि रेवाने आपले हात पाठीमागे घेतले, कोणी सांगण्याआधीच, जसे ती नऊ वर्षांची असताना लिफ्टमध्ये घ्यायची.

मग ती चालत राहिली. पेठा संपत आल्या तशी घरं बुटकी झाली. एका दारात म्हातारी भाकरी थापत होती. तिने वर पाहिलं, केस पाहिले, धुळीचे पाय पाहिले आणि उठून आत गेली. रेवा परत निघणार तेवढ्यात म्हातारी बाहेर आली. हातात तांब्या होता. पिठाची बोटं तांब्यावर उमटली होती.

'आधी पाणी पी,' ती म्हणाली. 'मग सांग कोणाची ते.'"

पुढे ती म्हातारी तिला गंज पेठेतून हडपसरला घेऊन जाते, आणि १० मार्चच्या रात्री पौर्णिमेच्या चांदण्यात रेवा मळ्यातली माणसं हळूहळू जमताना बघते. सावित्रीबाई तिला एकदाच दिसल्या आहेत, त्याही पाठमोऱ्या.

हडपसरकर:

तांब्या.

मी हे आईला वाचून दाखवलं. ती काही बोलली नाही, आत जाऊन आजीचा तांब्या काढून आणला.

पागोळी:

"आवाज खाली आणून." धन्यवाद ताई.

सह्याद्रीचा_वारा:

प्रत आली की दोन माझ्या नावाने ठेवा, एक भाचीला.

बखरनवीस:

पान उत्तम झालंय, पण चांदणं चुकलंय. १८९७ ची होळी पौर्णिमा १७-१८ मार्चच्या सुमारास येते, म्हणजे १० तारखेला फाल्गुन शुद्ध सप्तमी-अष्टमी. अर्धा चंद्र, आणि तोही मध्यरात्रीच्या सुमारास मावळणारा. त्यानंतर मळ्यात अंधार. कंदील लागतील.

ओसरी:

बदललं. आता चंद्र मावळतो आणि म्हातारी रेवाच्या हातात कंदील देते.